ठरवून हरलेला पैलवान

इचलकरंजीला आमच्या घरी पत्रकं लिहिली जायची. बाबा यंत्रमाग कामगारांच्या संघटनेचं काम करत. जेवणं झाली की आई ताटं उचलायची आणि त्याच जागेवर बाबा कागद पसरायचे. मी वाचायला शिकले ती शाळेच्या पुस्तकावर कमी आणि त्या पत्रकांवर जास्त. बाबांचे नियम ठरलेले होते. पहिल्याच वाक्यात आरोप करायचा, नंतर त्याचा पुरावा द्यायचा, आणि गुळमुळीत शब्द वापरायचे नाहीत. शिवाय पत्रक माणसाच्या हातात द्यायचं. खुर्चीवर ठेवून, सायकलच्या कॅरिअरला अडकवून निघून यायचं नाही. हातात देताना घेणाऱ्याच्या डोळ्यांत बघावं लागतं, आणि आपण खोटं लिहिलं असेल तर ते तिथेच कळतं, असं ते सांगत.

दहा वर्षांची असताना मी वाटलेलं एक पत्रक कुस्तीवर होतं. शेजारच्या गावच्या जत्रेत मैदानातली शेवटची, सगळ्यात मोठी कुस्ती नुरा झाली होती. दोघा पैलवानांनी आधीच आपसांत ठरवून अर्धा तास एकमेकांना नुसतं धरून ठेवलं आणि बरोबरीत सोडवून घेतली. बाबांनी लिहिलं की ज्यांचा घाम खोटा आहे त्यांनी लोकांच्या खऱ्या टाळ्या घेऊ नयेत. मी एसटी स्टँडवर ते वाटत होते तेव्हा त्यातल्या एका पैलवानाच्या पाहुण्याने माझ्या हातातला गठ्ठा हिसकावून गटारात टाकला. मला फार अभिमान वाटला. घरी जाऊन मी दुसरा गठ्ठा घेऊन आले.

दोन वर्षांपूर्वी मी जी चूक केली ती याच शिकवणीवर केली. ती चूक होती की नव्हती हे मला अजून नीट सांगता येत नाही.

तेव्हा मी अमेरिकेत, फ्रीमाँटला येऊन वर्ष झालं होतं. सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी होती, म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधून त्यांची यादी करायची. आमच्या ऑफिसच्या मागे शेडची एक रांग होती. एकात फरशांचं गोदाम, एकात गाड्यांचं गॅरेज. दुपारी डबा खाऊन फिरायला गेले असताना तिसऱ्या शेडमधून अंग आपटल्याचा आवाज आला. भरलेलं पोतं टाकल्यासारखा नव्हे, हात सपाट मारून पडणाऱ्या माणसाचा. तो आवाज मला ओळखीचा होता. शटर अर्धं उघडं होतं. आत सातआठ पोरं मॅटवर झटत होती आणि मध्ये एक साठीचा जपानी माणूस उभा होता. बुटका, रुंद, मान जवळजवळ नाहीच. आणि दोन्ही कान मोडलेले.

कान मोडलेला माणूस दिसला की आमच्या भागात लोक पैलवान म्हणून रस्ता देतात. माझे हात आपोआप जोडले गेले. त्यानेही हात जोडले आणि काय पाहिजे असं इंग्रजीत विचारलं. मी सांगितलं की काही नको, आमच्याकडे कुस्ती मातीत खेळतात. मातीत म्हटल्यावर त्याचे डोळे बारीक झाले. कसल्या मातीत? मी म्हटलं, तांबड्या. तिच्यात ताक घालतात, तेल, हळद, लिंबू. तो पोरांना ओरडून म्हणाला की यांच्याकडे मातीची कोशिंबीर करून तिच्यावर माणसं पाडतात.

त्या दिवसापासून मी त्यांना मनात पैलवान म्हणू लागले. मी लिहिते हे कळल्यावर ते मला 'सेन्सेई' म्हणू लागले. जपानमध्ये लेखकाला गुरुजी म्हणायची पद्धत आहे, पण ते त्यात थोडी थट्टा घालत. "सेन्सेई, आज किती चुका सापडल्या?" हे रोजचं होतं.

पैलवान तेव्हा लढतींचे कार्यक्रम भरवत. मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती, गळा आवळणं, सगळं एकत्र आणि सगळं खरं. राज्याने नुकतीच अशा लढतींना परवानगी द्यायला सुरुवात केली होती. परवाने, डॉक्टरांचे दाखले, तिकिटं हे सगळं त्यांची मुलगी बघायची. ती माझ्याच वयाची, इथेच जन्मलेली, आणि वडिलांशी एका वाक्यात दोन भाषा बोलायची. इथे तीन कार्यक्रम झाले होते. चौथ्यासाठी त्यांना दारात वाटायला चार पानांची पुस्तिका हवी होती, त्यांच्या सगळ्या कारकिर्दीची. व्हिसावर दुसरं काम करता येत नाही, म्हणून मी ते हौस म्हणून घेतलं. खरं म्हणजे हौस नव्हती, भूक होती. वर्षभर मी चुकांच्या याद्यांपलीकडे काही लिहिलं नव्हतं.

मग मी आठवडाभर दुपारी शेडमध्ये बसून त्यांचं ऐकलं. पंधराव्या वर्षी ते जपानमधल्या, तिकीट लावून कुस्त्यांचे खेळ करणाऱ्या एका कंपनीच्या आखाड्यात राहायला गेले. पहिली दोन वर्षं स्वयंपाक, धुणं, थोरल्यांच्या पाठी चोळणं आणि शेकडो बैठका. तिथे एक थोरले होते, त्यांच्याहून दहाबारा वर्षांनी मोठे. त्यांना ते 'सेन्पाई' म्हणत, म्हणजे आपल्याआधी आलेला. या थोरल्यांनीच त्यांना पडायला शिकवलं. पुढे कंपनीने पैलवानांना अमेरिकेत पाठवलं. इथल्या दक्षिणेकडच्या गावांमध्ये ते खेळातले दुष्ट जपानी झाले. वाकून नमस्कार करायचे आणि समोरचा नमस्काराला वाकला की त्याच्या डोळ्यांत मीठ फेकायचे. लोक थुंकायचे. एका म्हातारीने त्यांना छत्रीने मारलं होतं. नंतर जपानला परतल्यावर त्यांची आणि थोरल्यांची एक मोठी कुस्ती झाली. चाळीस मिनिटांची. तीत ते हरले. त्याच वर्षी त्यांनी कंपनी सोडली. काही वर्षांनी आधी जपानमध्ये आणि मग इथे त्यांनी खऱ्या लढती भरवायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून थोरल्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. याला बारा वर्षं झाली होती.

थोरले निवृत्त होऊन सॅक्रामेंटोला मुलाकडे राहायला आले होते, दोन तासांच्या अंतरावर. जपानमध्ये होते तेव्हापासून पैलवान प्रत्येक कार्यक्रमाचं पोस्टर त्यांना टपालाने पाठवत. उत्तर कधी आलं नाही. या वेळी आलं. थोरले महिनाअखेर कायमचे जपानला परत जाणार होते आणि जाण्याआधी एकदा येतो म्हणून त्यांनी कळवलं होतं.

"त्यांनी यावं," पैलवान मला म्हणाले. "पहिल्या रांगेत बसावं. शेवटपर्यंत बसावं. मला बाकी काही नको."

एवढं एकच होतं, आणि ते माझ्या चार पानांवर येऊन पडलं होतं.

मी सरळ विचारलं की थोरल्यांबरोबरची ती कुस्ती ठरलेली होती का. पैलवान हसले आणि उठून एका पोराची पकड सुधारायला गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तेव्हा त्यांनी मला एक व्हिडिओ कॅसेट दिली आणि म्हणाले, जे दिसेल ते लिही.

ज्यांच्या घरी मी खोली घेऊन राहत होते त्या काकूंच्या गॅरेजमध्ये जुना कॅसेट प्लेअर होता. काकूंनी तो झटकून टीव्हीला जोडला आणि मटार सोलत माझ्याबरोबर बसल्या. त्यांना कुस्तीतलं काही कळत नव्हतं. "अगं, हे दोघं किती वेळ नुसते मिठ्या मारतायत? कुणीतरी पॉज करा यांना," असं त्यांचं चाललं होतं. मग हळूहळू त्यांचे हात थांबले. पडद्यावर पैलवान तरुण होते, थोरले केस पिकायला लागलेले. एकमेकांना उचलत होते, आपटत होते, पुन्हा उठत होते. मी वहीत खुणा करत होते: इथे याने स्वतःहून उडी मारली, इथे त्याने हात आधीच पुढे केला. टेस्टिंगच्या यादीसारखी यादी. नुरा. स्वच्छ नुरा. आणि तरी शेवटी थोरल्यांनी मागून गळ्याला हात घातला आणि पैलवान खाली बसत गेले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. मला स्वतःचाच राग आला.

काकू म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याने सोडायला हवं होतं गं. तो पट्टेरी शर्टवाला बघ कसा घाबरलाय."

पट्टेरी शर्टवाला म्हणजे पंच. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. काकूंना काय कळतंय, असं मनात म्हटलं.

रविवारी बाबांना फोन केला. त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं की ठरवून केलेली गोष्ट इतकी खरी कशी वाटते. बाबा म्हणाले, नुरा ती नुरा, त्यात खरं वाटणं हाच तर गुन्हा आहे. मग म्हणाले की या माणसाने ती सोडून खऱ्या लढती धरल्या, तर हाच तुझा विषय. एका माणसाने खोटं टाकलं. याहून मोठं पत्रक काय असतं?

मला मोकळं झाल्यासारखं वाटलं. मी एका बैठकीत चार पानं लिहून काढली, इंग्रजीत, पण बाबांच्या चालीवर. त्या मोठ्या कुस्तीबद्दल असं लिहिलं: आपल्या थोरल्याचा मान राहावा म्हणून ते त्या दिवशी ठरवून हरले. तो अखेरचा ठरवलेला पराभव. त्यानंतर त्यांनी एकही खोटी लढत लढली नाही आणि भरवलीही नाही. मला वाटलं, यात दोघांचाही गौरव आहे. धाकट्याचा त्याग आहे, थोरल्याचा मान आहे, आणि सत्यही आहे. मुलीकडे वाचायला दिलं तर ती परवान्याच्या कागदांत बुडालेली होती. तिने पानं उलटली, स्पेलिंग ठीक आहे म्हणाली. पैलवानांना लांब इंग्रजी वाचायचा कंटाळा. "सेन्सेईवर भरवसा आहे," म्हणाले. मी कॉपीच्या दुकानात प्रती काढल्या आणि काकूंच्या जेवणाच्या टेबलावर बसून एकेक हाताने दुमडली.

कार्यक्रम सॅन होजेला होता, जिथे दरवर्षी जत्रा भरते त्या मैदानावरच्या हॉलमध्ये. बैलांची आणि भोपळ्यांची स्पर्धा तिथेच होते, आणि हॉलला कोपऱ्यात थोडा गोठ्याचा वास होता. दुपारी तीनची वेळ होती, कारण संध्याकाळी हॉल एका मेक्सिकन कुटुंबाला मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला दिला होता. भिंतीशी त्यांचे गुलाबी फुगे आधीच येऊन पडले होते. मी दारात उभी राहून प्रत्येकाच्या हातात पुस्तिका देत होते. मुलगी म्हणाली की खुर्च्यांवर टाकून मोकळी हो, इतकी मेहनत कशाला. मी म्हटलं, आमच्यात तसं करत नाहीत.

थोरले आले ते मी लगेच ओळखलं. तपकिरी सूट, काठी, मोडलेले कान, शेजारी मुलगा. मी मान लववली, त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि पुस्तिका त्यांच्या हातात दिली.

ते तिथेच उभे राहून वाचू लागले. मागे रांग थांबली. त्यांनीही तरुणपणी काही वर्षं अमेरिकेत काढली होती, इंग्रजी त्यांना चांगलं येत होतं. तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"हे कोणी लिहिलं?"

मी म्हटलं, मी.

"कुस्ती पाहिलीस?"

"टेपवर. चार वेळा."

"चार वेळा," ते म्हणाले. "आणि दिसलं नाही?"

काय ते मी विचारायच्या आत ते वळले आणि पडद्यामागे, लढणाऱ्यांच्या खोलीकडे चालू लागले. मी गठ्ठा तसाच पोटाशी धरून मागे धावले.

आत पैलवान एका पोराच्या हातांना पट्टी बांधत होते आणि राज्याचा निरीक्षक पट्टीवर सही करायला पेन उघडून उभा होता. थोरल्यांना बघताच पैलवान कमरेतून वाकले, इतके की मला त्यांची फक्त पाठ दिसली. बारा वर्षांनी भेटलेल्या माणसांनी काय बोलावं, मला माहीत नाही. थोरले बाकावर बसले. त्यांच्या बुटाची एक नाडी सुटली होती. पैलवान काळ्या सुटात जमिनीवर गुडघे टेकून ती बांधू लागले. आखाड्यात धाकट्याने थोरल्याच्या नाड्या बांधायच्या असतात, हे मुलीने मला नंतर सांगितलं.

नाडी बांधली जात असताना थोरले जपानीत बोलू लागले. मुलगी माझ्या शेजारी उभी राहून हळू आवाजात इंग्रजी करून सांगत होती, आणि तिचा आवाज मधूनच अडकत होता.

"ते म्हणतायत, त्या दिवशी डॅड जिंकणार होते."

मला वाटलं तिने उलट सांगितलं.

"कंपनीने तसं ठरवलं होतं. यापुढे डॅड मुख्य होणार होते. यांनी कबूल केलं होतं." ती थांबली. "गळ्याला हात घालायचा, दहा मोजून सोडायचा. यांनी सोडला नाही."

पैलवानांनी मान वर केली नाही. नाडीची गाठ मारता मारता काहीतरी थोडकं बोलले.

"डॅड म्हणतायत, तुम्ही विसरलात. मीच हरायचं असं ठरलं होतं."

थोरल्यांनी पाय मागे घेतला. गाठ अर्धवट राहिली. मग ते पुष्कळ बोलले, आणि मुलीने ते सगळं सांगितलं नाही, पण जेवढं सांगितलं ते असं होतं. बारा वर्षं दरेक पोस्टर आलं की त्यांना वाटायचं, धाकटा आपल्याला टोचतोय. तुम्हाला खरी लढत हवी होती ना, घ्या, आता फक्त खऱ्याच लढती. म्हणून उत्तर दिलं नाही. आणि इकडे, मुलगी म्हणाली, पैलवान समजत होते की सेन्पाई रागावलेत, कारण खऱ्या लढती सुरू केल्या म्हणजे जुन्या खोट्या होत्या असं जगाला सांगितल्यासारखं झालं. दोघं बारा वर्षं दोन वेगळ्या कारणांनी गप्प होते.

मग थोरले माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "हा कागद मला चांगला माणूस करतो. हॉलमध्ये सगळ्यांच्या हातात हा कागद आहे. मी तिथे बसणार नाही."

निरीक्षकाला यातलं काही कळलं नव्हतं. त्याने विचारलं की सही करू का.

पैलवान बाहेर आले तशी मी त्यांना बोळात गाठलं. मला इतक्या गोष्टी विचारायच्या होत्या की एकच निघाली. खरं काय?

"तू काय लिहिलंस?"

"तुम्ही ठरवून हरलात."

"मग तेच."

"पण ते तर म्हणतायत…"

"सेन्सेई, ते शेवटपर्यंत बसले पाहिजेत. आज दुसरं काही नाही."

मी म्हटलं की ते याच कागदामुळे बसत नाहीयेत. रिंगमधून त्यांना पुकारलं गेलं. त्यांनी टाय नीट केला आणि निघून गेले.

मी बोळात उभी राहिले आणि माझ्या डोक्यात काहीच जागेवर राहिना. नुरा कुस्ती म्हणजे लोकांची फसवणूक, हे मला दहाव्या वर्षापासून पाठ होतं. इथे एका माणसाने नुरा मोडली होती. अचानक खरं लढला होता. म्हणजे माझ्या हिशेबाने त्या चाळीस मिनिटांतला ते शेवटचं मिनिट तेवढं प्रामाणिक होतं. आणि ते मिनिट आठवून एक म्हातारा माणूस बारा वर्षं पोस्टर उघडायला घाबरत होता. ज्याचा गळा आवळला गेला तो म्हणत होता की तसं काही झालंच नाही. तो खोटं बोलत होता का? की थोरल्यांना खरंच विसर पडला होता? टेपवर दोन्ही तितकंच पटत होतं. ज्यांना काही कळत नाही असं मी ठरवलं होतं त्या काकूंना मात्र मटार सोलता सोलता दिसलं होतं.

आणि पत्रक तर वाटून झालं होतं.

बाबांनी आयुष्यात एकही पत्रक मागे घेतलं नाही. पोलीस दारात आले तेव्हाही नाही, संघटना फुटली तेव्हाही नाही. मी हॉलमध्ये गेले, पहिल्या रांगेपासून सुरुवात केली आणि लोकांपुढे हात पसरला. माफ करा, ती पुस्तिका परत मिळेल का? यात चूक आहे. हे मी बाबांना आजवर सांगितलेलं नाही.

पहिली लढत सुरू झाली होती. लोक माझ्या बाजूने मान काढून रिंगकडे बघत होते. एकाने विचारलं की लकी नंबर निघाला का. एका बाईने पुस्तिकेचा पंखा केला होता, ती द्यायला तयार नव्हती. एकाने तिच्यावर नाचोज ठेवले होते, ते त्याने मांडीवर ओतून घेतले आणि चीज लागलेला कागद सभ्यपणे माझ्या हातात दिला. एक जण म्हणाला, "अरे यार, आत्ताच तर दिलं होतंस." तो कुठला तरी आपलाच, नागपूरचा असावा. नेमकी चूक काय आहे असं त्याने हिंदीत विचारलं. मला सांगता येईना. मी म्हटलं, कोणी हरायचं होतं ते चुकलंय.

तीन रांगा झाल्या असतील. हातातला गठ्ठा जड झाला होता. मान वर केली तर पडद्याच्या कडेला थोरले उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. किती वेळ, कोण जाणे. ते काठी टेकत पुढे आले.

"पुरे," म्हणाले.

मी सांगितलं की अजून मागच्या रांगा राहिल्यात. ते म्हणाले की मागच्या रांगेतले लोक वाचत नसतात. मग त्यांनी माझ्या हातातला गठ्ठा काढून घेतला, पहिल्या रांगेतल्या आपल्या खुर्चीवर ठेवला आणि त्यावर बसले. खुर्ची जरा खोल होती, गठ्ठ्यामुळे त्यांना रिंग नीट दिसू लागली असावी. चीजचा कागद वर होता की खाली, हे मी बघितलं नाही.

रिंगच्या कोपऱ्यातून पैलवानांनी ते पाहिलं.

एकूण आठ लढती होत्या. दुसऱ्या लढतीत थोरल्यांनी एकदा टाळ्या वाजवल्या. चौथ्या लढतीत ते झोपले, डोकं मुलाच्या खांद्यावर. लोक ओरडत होते, घंटा होत होती, आणि ते झोपले होते. मी दर दोन मिनिटांनी त्यांच्याकडे बघत होते आणि पैलवानही बघत होते. झोपलेला माणूस बसून राहिला असं धरायचं का? सातव्या लढतीत ते जागे झाले, मुलाला काहीतरी विचारलं आणि पुन्हा ताठ बसले. आठवी लढत एका मिनिटात संपली. पैलवानांनी त्यांना रिंगमध्ये नेऊन फुलांचा गुच्छ दिला. दोघे वाकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या कशाबद्दल होत्या, ते ज्याने त्याने आपल्यापुरतं ठरवलं असेल.

पैलवानांनी या वर्षी कार्यक्रम भरवणं बंद केलं. टीव्हीवरच्या मोठ्या कंपन्यांपुढे छोट्यांचा टिकाव लागत नाही. आता त्या शेडमध्ये ते शाळेतल्या मुलांना कोलांट्या मारायला शिकवतात. मी अधूनमधून जाते. त्या कुस्तीबद्दल मी त्यांना आणखी दोनदा विचारलं. एकदा ते म्हणाले, हरायचं माझंच ठरलं होतं. एकदा म्हणाले, आठवत नाही. माझ्याकडच्या एका प्रतीत मी ते वाक्य पेनने खोडलं, आणि त्या जागी काय लिहावं हे न सुचल्यामुळे ती जागा तशीच ठेवली.

त्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत हॉल रिकामा करायचा होता. मेक्सिकन कुटुंबाची माणसं केक घेऊन दारात येऊन थांबली होती. थोरल्यांचा मुलगा गाडी पुढे घेऊन आला. पैलवानांनी दार धरलं, थोरल्यांना आत बसवलं, काठी त्यांच्या पायांशी ठेवली. काच खाली झाली. थोरल्यांनी पैलवानांच्या गळ्यापाशी हात नेला, टायची गाठ चिमटीत धरून थोडी सैल केली, आणि काच वर गेली.

गाडी निघाली तसे पैलवान कमरेतून वाकले. गाडी नजरेआड होईपर्यंत वर यायचं नसतं, एवढं मला एव्हाना कळलं होतं. पण मैदानाच्या फाटकापाशीच सिग्नल होता आणि तो लाल झाला. गाडी आमच्यापासून वीसेक पावलांवर थांबली. मागच्या काचेतून थोरल्यांचं डोकं दिसत होतं. ते वळून बघतायत की समोर, ते कळत नव्हतं. पैलवान वाकलेले तसेच राहिले. त्यांच्या बाजूला मी उभी होते. मीही वाकावं का, की हा त्यांच्या दोघांतला मामला आहे आणि मी दूर व्हावं, मला ठरवता येईना. शेवटी मी अर्धवट वाकले आणि तशीच डांबराकडे बघत राहिले. सिग्नल हिरवा व्हायला फार वेळ लागला.